करड्या हेडफोनात ऐका

नाशिक,
ता. २३ नोव्हेंबर २००४

सौ. शैलावन्सं यांना मोहिनीचा नमस्कार.

माझं अक्षर बघून नवल वाटलं असेल. आई गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ धाडलेली नाही. इकडे सगळे ठीक. दिवाळी झाली, चिवडा यंदा मऊ पडला. सकाळी गंगेवर जाते. पाणी घाण झालंय, तरी जाते.

रिटायर झाल्यापासून तुमच्या दादांना हेडफोनचं वेड लागलंय. एक नाही, दोन. शिवाय त्यांना जोर द्यायला एक वेगळा डबा, त्याला अँप म्हणतात. हिशेबाच्या वहीत मी नुसतं 'फालतू' लिहिलं, पुढे आकडा घालवेना. रविवारी मंडळी जमतात, बँकेतले ललितभाऊजी आणि औषधवाले दत्तूभाऊजी. एकेक जण कानाला लावतो, डोळे मिटतो आणि वरणाची चव सांगावी तशी आवाजाची सांगतो. "हा पातळ आहे." "ह्याला जरा ऊब आहे हो!" साठीची माणसं, तोंडं उघडी टाकून बसलेली. मला किळस येते.

तेवढ्यावर होतं तोवर गप्प होते. पण हेडफोन पारखायला हे लावतात काय, तर आईंच्या भूपाळ्या! शेवटच्या आजारपणात दादांनी उशाशी टेप ठेवून भरलेली कॅसेट. ललितभाऊजींचं म्हणणं, वाद्यं नकोत, नुसता म्हाताऱ्या माणसाचा गळा हवा, त्यात हेडफोनची लायकी कळते. आईंना धाप लागते तिथे म्हणतात, "वा! श्वास काय सुटा येतो!" मी देवघरात वात वळत होते. उठून दार लोटून घेतलं.

दोन भूपाळ्यांच्या मधे आई काही पुटपुटतात. साध्या टेपवर ती नुसती खरखर वाटायची. आता ह्यांची पैज, ज्या हेडफोनात ते शब्द लागतील तो खरा. परवाच्या रविवारी दत्तूभाऊजी ओरडले, "सापडलं! शैला म्हणतायत. ही शैला कोण हो, बाळाजी?"

तुमचे दादा म्हणाले, "शेजारची होती एक."

वन्सं, मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

काल ते पेन्शनच्या कामाला गेल्यावर मीच कॅसेट लावली. काळ्या हेडफोनात सगळं घुमतं, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं. दादांचा आवडता तोच. करडा कानाला टोचतो, पण त्यात आई अगदी माझ्याजवळ बसून बोलल्या. त्या विचारतात, "शैलाला कळवलंस का रे?" लगेच दादांचा आवाज, "कळवलंय. येत नाही म्हणाली." मग बराच वेळ नुसती धाप. मग आई म्हणतात, "असू दे. घाटात पाऊस फार असेल." आणि पुढची भूपाळी धरतात.

दहाव्याला तुम्ही दारात उभ्या राहून विचारलंत, "मला कळवलं का नाही?" दादा म्हणाले, "आईने शेवटपर्यंत तुझं नाव काढलं नाही." परजातीत लग्न केलंत म्हणून आई रुसल्या त्या रुसल्याच, असं सगळ्यांनी धरलं. मीही. तुम्ही पाणीसुद्धा न घेता इगतपुरीची गाडी धरलीत.

आता त्या माणसाला वाढताना माझा हात आखडतो. नवरा आहे, वाढते.

कॅसेट, करडा हेडफोन आणि तो डबा नवसाबाईंबरोबर पाठवते आहे. तुमच्याच बाजूच्या आहेत, दारोदार तांदूळ विकतात, विश्वासाच्या आहेत. डब्याची वायर टेपला जोडा, लाल दिवा लागू द्या, मग बटण निम्म्याच्या पुढे न्या. नुसत्या टेपवर ऐकू नका, काही कळायचं नाही. दुसरी भूपाळी संपली की कान द्या. पहिल्यांदा एकट्याच ऐका.

दादांना विचारलेलं नाही. रविवारी मंडळी जमतील तेव्हा कळेलच. काय बोलायचं ते मी सर्वांसमोर बोलेन.

परत काही पाठवू नका. ते तुमचंच आहे.

तुमच्या आईंची सून,
मोहिनी