दारातला खांब

पप्पा,

मम्मीचं लाटणं तुम्ही कापलंत, तिथपासून सुरू करते. रविवार होता. चर्चमधली मिस्सा आटोपून आपण घरी आलो होतो, मम्मी कपडे बदलायला आत गेली होती, आणि तुम्ही करवत घेऊन स्वयंपाकघरात फतकल मारून बसला होता. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. तुम्ही मला हाक मारून समोर बसवलंत, दोन डब्यांची झाकणं माझ्या हातात उभी धरायला दिलीत, त्यांच्या मध्ये लाटणं आडवं धरलंत आणि वर पोळपाट ठेवलात. "ही आपली बस. हे चाक, ते चाक, मध्ये अ‍ॅक्सल. पोळपाट म्हणजे बसची जमीन. आता सांग बाय, जमीन खाली आणायची तर आडवं कोण येतं?" मी म्हटलं, लाटणं. "बरोब्बर!" तुम्ही इतक्या आनंदाने ओरडलात की मला वाटलं, शोध मीच लावला. मग करवत चालली. लाटण्याचा मधला तुकडा खाली सरकवून, दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या ठोकून तुम्ही त्याला बादलीच्या कडीचा आकार दिलात, टोकं वर आणि पोट खाली. पोळपाट त्या पोटात अलगद उतरला आणि फरशीला टेकायचाच बाकी राहिला. तेवढ्यात मम्मी दारात.

"हे काय केलंस?"

"तुझ्यासाठी बस."

"आणि चपात्या कशानं लाटू? तुझ्या डोक्यानं?"

त्या दिवशी आपण बेकरीतले पाव खाल्ले. मम्मी रागावलेली होती, पण पावाचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता तिची नजर त्या मोडक्या लाटण्याकडे जात होती, ती मी पाहिली होती.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मम्मीचा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. लोखंडी पट्ट्यांचा तो जड बूट घालून ती गावठाणातल्या गल्ल्यांतून अशी चालायची की मलाच धावावं लागे. विहिरीवर, बाजारात, चर्चच्या जत्रेत, सगळीकडे ती पुढे. फक्त बस तिच्यासाठी भिंत होती. पहिली पायरीच तिच्या गुडघ्याच्या वर. वरून कंडक्टरने हात द्यायचा, खालून कुणीतरी ढकलायचं. एकदा गोरेगावहून, मावशीकडून परत येताना, मागच्या एका धट्ट्याकट्ट्या माणसाने तिला कमरेला धरून सरळ उचललं आणि आत ठेवलं. चांगल्या मनानेच. बसमधले लोक हसले, तेही चांगल्या मनानेच. मम्मी घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानंतर तिने मावशीकडे जाणं सोडलं. तुम्ही म्हणालात, रिक्षा करू. ती म्हणाली, "रिक्षा आजारी माणसाला. मी आजारी नाय."

तुमचा कारखाना चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत होता, घरापासून चालत जाण्याएवढा. ट्रकचे अ‍ॅक्सल बनायचे तिथे. तुम्ही ड्रॉइंग विभाग सांभाळत होता, आणि शेठच्या गळी ही बुटक्या बसची कल्पना तुम्हीच उतरवली होती. सुट्टीच्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन यायची, तेव्हा तुम्ही जेवण बाजूला ठेवून मला ती दाखवत बसायचात. मला अजून सगळं आठवतं. अ‍ॅक्सलचं पोट खाली गेलं की इंजिनाची ताकद खालून येते, पण चाकाचा मध्य तर वर असतो. म्हणून दोन्ही टोकांना दातेरी चाकांची एकेक पेटी, ताकद तिथे एक मजला चढते आणि चाकाला भेटते. हे तुम्ही बोटांत बोटं अडकवून दाखवलंत. बसच्या जमिनीखालचे दोन लांब पोलादी तुळयाही काढून टाकल्या होत्या, कारण त्यांना खाली जागाच उरली नव्हती. "मग वजन कोण उचलणार?" मी विचारलं. "भिंती. छप्पर. खांब. वजन नाहीसं होत नाही बाय, ते घर बदलतं." शाळेत सिस्टरांनी मला बल आणि भार हे अगदी शुद्ध इंग्रजीत शिकवले होते आणि त्यात मला पैकीच्या पैकी मार्क असायचे. कळले ते मात्र तुमच्या मराठीत, तेलकट टेबलावर. भिंत जिथे दारासाठी कापलेली असते तिथे वजनाला जायला वाट नसते, म्हणून दाराच्या खांबाच्या पायापासून अ‍ॅक्सलच्या आधारापर्यंत तुम्ही एक तिरका टेकू दिला होता. तो टेकू ही तुमची खास लाडकी गोष्ट. लोक मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात तसा तुम्ही त्याच्यावरून हात फिरवायचात.

पहिला सांगाडा उभा राहिला तेव्हा एका रविवारी तुम्ही मम्मीला कारखान्यात आणलंत. तिने चर्चची चांगली साडी बदलली नाही. मशीन बंद, पत्र्याच्या शेडमध्ये आपण तिघं आणि वॉचमन. बसला चाकं होती, जमीन होती, खांब होते, छप्पर होतं, दाराजवळ फळीवर ठेवलेली एक खुर्ची होती. बाकी आरपार. तुम्ही हात पुढे केलात आणि लगेच मागे घेतलात. मम्मीने डावा पाय ठेवला, मग बुटाचा पाय उचलून त्याच्या शेजारी ठेवला. झालं. एवढंच. ती आत उभी होती. तिने खांबाला धरलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही, खुर्चीवर जाऊन बसली आणि पदर नीट केला.

"चालव आता."

"इंजिन नाय गं अजून."

"मग कशाला बोलावलंस? घरी मासे उघडे टाकून आले मी."

वॉचमन हसला. तुम्हीही हसलात, पण डोळे पुसत. ती मात्र उतरायला तयार नव्हती. बराच वेळ बसून राहिली त्या न चालणाऱ्या बसमध्ये.

मग चाचणी. माणसांच्या ऐवजी वाळूची पोती ठेवायची रीत होती. प्रत्येक आसनाच्या जागी एक, मधल्या वाटेत ओळीने आणखी. सांगाड्याला यंत्राने खाली-वर हलवत राहायचं, खड्ड्यांतून वर्षानुवर्षं गेल्यासारखं. सगळं उत्तम पार पडलं. शेठनी पेढे वाटले, बाहेरगावच्या खरेदीदारांना बघायला बोलावलं, आणि मम्मीने मावशीला निरोप पाठवला की आता येतेच.

त्याच आठवड्यात तुम्ही आणि मी बोरिवलीहून बसने परत येत होतो. संध्याकाळची गर्दी. दारात माणसांचा नुसता गठ्ठा झालेला, आणि आत मधल्या वाटेत चक्क जागा. आत गेलं तर आपल्या स्टॉपला बाहेर पडता येणार नाही, ही प्रत्येकाची भीती. कंडक्टर ओरडत होता, "अरे आत चला ना! आत काय वाघ बसलाय?" कुणी हललं नाही. एका बाईने तर उलट सुनावलं, "मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय हो," आणि तिचा पुढचा स्टॉप काही केल्या आला नाही. मला हसू येत होतं. मी तुमच्याकडे वळले तर तुम्ही हसत नव्हता. तुम्ही दाराच्या खांबाकडे बघत होता. आपला स्टॉप आला आणि गेला. मी म्हटलं, पप्पा, उतरायचं. तुम्ही म्हणालात, "थांब. जरा बघू दे." शेवटच्या स्टॉपपर्यंत आपण गेलो. तिथून घरी येताना तुम्ही एकच वाक्य बोललात: "पोती शहाण्यासारखी बसली बाय. आपली माणसं तशी बसत नाहीत."

घरी त्यावरून जे झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही म्हणालात, पोती दारात रचून चाचणी पुन्हा घ्यायला सांगणार. मम्मी मासे साफ करत होती. तिने कोयती खाली ठेवली.

"पास झाली ना?"

"झाली."

"शेठनं सांगितलं पुन्हा घे म्हणून?"

"नाय."

"मग तुला कोणी विचारलेलं?" आणि मग आवाज खाली आणून, "माझी बस हाय ती. मी बहिणीला कळवलंय."

दुसऱ्या दिवशी शेठना जाऊन सांगितलंत. शेठ वाईट माणूस नव्हते; त्यांनी फक्त कपाळावर हात मारला. "अरे भाई, पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवणारा बाप मी पहिल्यांदा बघतोय." पण त्यांनी हो म्हटलं. मी त्या दुपारी डबा घेऊन आले, तेव्हा पोती दाराच्या आत एकावर एक रचलेली होती, अगदी त्या संध्याकाळच्या गठ्ठ्यासारखी, आणि यंत्र चालू होतं. दोन दिवस ते चाललं. मग तुम्ही टेकूच्या जोडावर रॉकेल लावलंत, कोरडं पुसलंत, वरून खडूची पांढरी पूड फासलीत आणि वाट बघत बसलात. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर परत फुटतं. माझ्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. केसाएवढी. वेल्डिंगवाला हळूच म्हणाला, "साहेब, वरून एक पट्टी मारून टाकू? दिसणार पण नाही." तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "शेठना बोलव."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पप्पा. पवईच्या त्या मोठ्या संस्थेतून शिकून आलेल्यांबरोबर मी नोकरी केली. स्वतःच्या लाडक्या गोष्टीला खडू लावून वाट बघत बसणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

खरेदीदारांना येऊ नका म्हणून कळवावं लागलं. शेठना तेवढा दम धरता आला नाही, कारखाना पुन्हा ट्रकच्या अ‍ॅक्सलकडे वळला, आणि बसचा सांगाडा शेडच्या मागे उभा राहिला, मग एक दिवस कापून भंगारात गेला. तुम्ही घरी टेकूचं चित्र पुन्हा काढलंत. यावेळी वजन छपराच्या कमानीवरून फिरवून दुसऱ्या बाजूला उतरवलं होतं. ते बरोबर होतं, असं मला वाटतं. पडताळून बघायला बस उरली नव्हती.

मम्मी तुमच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. ताट वाढायची, ते पाटावर आपटायचीही नाही, नुसतं ठेवायची. त्यानंतरची एक सकाळ. ती साडी नेसून, बूट बांधून दारात उभी राहिली आणि तुम्हाला म्हणाली, "चल. बहिणीकडे."

"रिक्षा बोलवू?"

"बसनं. तुझी बस येईपर्यंत घरात बसून म्हातारी होऊ काय?"

स्टॉपवर ती जुनी उंच बस आली. मम्मीने दोन्ही हातांनी दांडा धरला. कंडक्टरने हात पुढे केला, तिने मानेनेच नको म्हटलं. तुम्ही तिच्या मागे उभे राहिलात, दोन्ही हात पसरून, तिला स्पर्श न करता. मागचे लोक तुमच्या हातांशी थांबले. "चला ना मावशी, लवकर!" आतून कुणीतरी. "मावशी घरी गेली तुझी," मम्मी दांड्याला लटकल्या लटकल्या म्हणाली, "थांब जरा." एक पायरी. श्वास. दुसरी पायरी. कंडक्टरने घंटीच्या दोरीवर हात ठेवला, तर तुम्ही त्याला म्हणालात, "मारू नका. बाई चढतेय." विनंती नव्हती ती. मी इतकी वर्षं शोधतेय, पण त्या आवाजाला मला शब्द सापडलेला नाही. ती चढली, वर उभी राहून तिने घामाने भिजलेला चेहरा वळवला आणि तुम्हाला म्हणाली, "तू काय खालीच राहतोस?" त्यानंतर ती जाईपर्यंत दर महिन्याला मावशीकडे गेली, त्याच बसने, तशीच, तुमच्या पसरलेल्या हातांच्या पुढे.

आता तिला जाऊनही खूप वर्षं झाली. कारखान्याच्या जागी उंच इमारत आहे. तुमच्या कबरीत दुसरं कुणी आहे. आपल्याकडे जागा पुरत नाही, काही वर्षांनी कबर उघडून दुसऱ्याला देतात; तुम्हा दोघांच्या अस्थी दफनभूमीच्या भिंतीत एकाच कोनाड्यात आहेत आणि कोनाड्याला संगमरवरी फरशी पक्की लावलेली. पत्र सरकवायला फटसुद्धा नाही. कारागिराने काम चोख केलंय, तुम्हाला आवडलं असतं. तेव्हा हे इथेच, माझ्याजवळच राहणार.

पण एक सांगायचं राहिलं. माझेही गुडघे आता कुरकुरतात. गेल्या आठवड्यात मी कांदिवलीहून नवीन विजेच्या बसमध्ये चढले. स्टॉपला आली की ती बस दाराच्या अंगाला हळूच कलते, आपण वेदीसमोर गुडघा टेकतो तशी. तिचा अ‍ॅक्सल कुणी आखला, कुठल्या देशात, मला माहीत नाही. मी पाय उचलला आणि आत होते. शेजारी कॉलेजातली मुलगी होती, तिने कानातला इअरफोन काढून मला जागा दिली.

"आंटी, मस्त आहे ना ही बस? माझी आजीसुद्धा एकटी चढते."

"माझ्या वडिलांनी बनवली," मी म्हटलं.

"काय सांगता! खरंच?"

"अ‍ॅक्सल. आणि दाराचा खांब."

"मग तुमचं तिकीट माफ पाहिजे यार," ती म्हणाली, आणि उतरेपर्यंत त्या खांबाकडे कौतुकाने बघत होती.

शनिवारी मी कन्फेशनला गेले, पापं कबूल करायला. फादरांना बाकी सगळं सांगितलं.