पडद्यातला पडदा

१२ जून १९८९, सोमवार
कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटरचा इनचार्ज मी. अकरावीच्या प्रवेशाची यादी यंदा मशीन काढणार. चोवीसला बोर्डावर लागायची. प्रोग्राम काय, दोन दिवसांचं काम. त्याआधी एकच ठरवायचंय: एडिटरच्या आत टर्मिनल कुठला वापरायचा. प्राचार्यांना समजावलं, की प्रोग्राम एडिटरमध्ये लिहायचा आणि चालवायलाही बाहेर पडायचं नाही, पडद्यातच दुसरा पडदा, म्हणजे टर्मिनल, उघडायचा. सर म्हणाले, आणि यादी?
व्हिजन नाही.

१४ जून
गुहागरहून, सासुरवाडीहून फोन. उमाला मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. लगेच निघणार होतो. पण टर्मिनल दोन आहेत. पहिला भरभर चालतो, मात्र पानभर तक्ता आला की चौकटी फुटतात, अक्षरं सांडतात. दुसरा तक्ता देखणा काढतो, पण एकेक अक्षर, रांगोळी घातल्यासारखं. उद्या निर्णय. मग गुहागर.

१७ जून, सकाळ
पहिला. पक्कं.

१७ जून, संध्याकाळ
दुसरा.

१९ जून
फिजिक्सचा श्रीपती डोकावला. म्हणाला, अरे, एडिटरमधून बाहेर पड, प्रोग्राम चालव, परत आत ये. हाय काय नि नाय काय. मी नुसता हसलो. मग विचारतो, प्रोग्राम कुठवर आला? त्याला चहा पाजला.

२१ जून
दुसऱ्या टर्मिनलमध्ये शिरलं की तो सगळी बटणं गिळतो. एडिटरला दिलेला हुकूम त्यालाच पोचतो. बाहेर कसं यायचं ते मदतीच्या पानावर लिहिलंय. ते पान एडिटरमध्ये. तिथे जायला आधी बाहेर यावं लागतं. दुपारभर आतच होतो. अनुभव मात्र मोलाचा.

२३ जून
सकाळी एका बैठकीत प्रोग्राम लिहून काढला. सेव्ह करणारच होतो, तेवढ्यात प्राचार्य आले. त्यांना दाखवायला टर्मिनल उघडला. तक्त्याची वरची रेघ आली. पुढे काही येईना, मलाही बाहेर पडता येईना. शिपाई महिपत म्हणाला, साहेब, मेन स्विच काढू काय? मी नको म्हणायच्या आत सर हो म्हणाले.
प्रोग्राम गेला.

२४ जून
यादी लागली. ऑफिसातल्या हेमाताई आणि श्रीपती, दोघांनी रात्री बसून हाताने केली. गर्दी कमी झाल्यावर जाऊन पाहिली. चौकटी सरळ आहेत.

२७ जून, गुहागर
बारसं काल झालं. मुलीचं नाव मथुरा. मला विचारायला कॉलेजात फोन केला होता म्हणे. साहेब आत आहेत, आत्ता यायचे नाहीत, असं महिपतने सांगितलं. सासूबाईंनी पान वाढलं.
जेवणानंतर उमाने मुलगी मांडीवर दिली. म्हणाली, मान धरा हो नीट. धरली. उमा आत जाऊन झोपली. मुलगी टक्क जागी, माझ्याकडे बघत होती. पुढे काय करायचं असतं, ते विचारायला जवळ कोणी नव्हतं. उमा उठेपर्यंत हललो नाही.