उत्तरेच्या उजेडाची खोली

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
२५ नोव्हेंबर १९५६

चिरंजीव सुधाकर यास,

आशीर्वाद. पुढे जे लिहिणार आहे त्याचा आशीर्वादाशी संबंध जोडला जाऊ नये, म्हणून तो आरंभीच देऊन ठेवतो.

तुझे पत्र आणि सोबतचा, तू दिवाळीत काढलेला अलकाचा फोटो, दोन्ही पोचले. थंडीने तुझ्या आईचा गुडघा आखडला आहे. तेल चोळणे चालू आहे. कपाशीच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो आणि बाहेर पडायचे तर सदऱ्यावर कापूस घेऊनच परतावे लागते. बाकी घरी क्षेम.

आता तुझा प्रश्न. तो मी समजलो तो असा. राजधानी नागपुरातून उठून भोपाळला गेली आणि तुझे खातेही गेले. एक जानेवारीला तिथे हजर होण्याचा तुला हुकूम आहे. तू हजर होऊ इच्छीत नाहीस. राजीनामा देऊन बऱ्हाणपुरास यावे, फोटोचा स्टुडिओ काढावा आणि सकाळी विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवावी, असा तुझा बेत आहे. त्यासाठी तुला माझी बैठकीची खोली हवी, कारण तिची खिडकी उत्तरेला आहे आणि तिथला उजेड दिवसभर एकसारखा राहतो. मी खोली दिली तरच राजीनामा देशील, एरवी भोपाळला जाशील. निर्णय वडिलांच्या गळ्यात घालण्याची ही रीत मला पसंत नाही. प्रश्न मात्र स्पष्ट मांडला आहेस.

माझे आक्षेप ऐक. पगार हा हक्क असतो. कलेची मिळकत ही दुसऱ्याची मर्जी. लग्नसराई संपल्यावर तुझ्या दाराशी कोण येईल, याचा विचार तुझ्या पत्रात नाही.

शिकवणीविषयी लिहितोस की पहिले दोन महिने विद्यार्थ्याला कॅमेऱ्याला हात लावू देणार नाहीस. खिडकीत एक पेरू ठेवशील आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यावरचा उजेड कसा बदलतो ते पाहायला लावशील. पेरू पाहण्याची फी भरणारा पालक बऱ्हाणपुरात माझ्या ओळखीचा नाही.

आणि मूळ आक्षेप निराळाच आहे. पाठशाळेत आम्हांला शिकवले गेले की प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण. फोटो प्रत्यक्षाचा आव आणतो, परंतु तो प्रत्यक्ष नव्हे. खोटा दस्तऐवज निदान तपासला तरी जातो. फोटोवर माणसे न तपासता विश्वास ठेवतात, म्हणून तो अधिक घात करतो. अशा धंद्यात माझ्या मुलाने पडावे, असे मला वाटत नाही.

अलका बरी आहे. तुझ्या पत्रांना बहिणीचे उत्तर नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. रावेरचे स्थळ पत्रिका न जुळल्यामुळे राहिले, हे तुला वैशाखातच कळवले होते. तिला त्याविषयी काही विचारू नकोस. तिचा फोटो मी कपाटात ठेवला आहे. उजेड चांगला आला आहे.

तूर्त नकार समजावा.

दिगंबर

•

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
९ डिसेंबर १९५६

चिरंजीव सुधाकर यास,

आशीर्वाद मागच्या पत्रातला अजून चालू आहे.

निंबा परवा येऊन गेला. इच्छापूरचा माझा जुना पक्षकार, केळीवाला. तुला तो बांधाच्या खटल्यापासून आठवत असेल. तुझा बेत त्याच्यापर्यंत कसा पोचला कोण जाणे. केळीचा फणा ओट्यावर ठेवून म्हणाला, “वकीलसाब, सुधाकरभाऊ फोटूचं दुकान टाकून राहिला म्हणे. आमच्या मायचा एक काढून ठेवा लागीन.” मी म्हटले, अजून काही ठरलेले नाही. तर म्हणे, “ठरलं तरी अडचनच हाये. माय परक्या मानसापुढं पदर नाकाच्या वर उचलत नाही. फोटू येईन तो पदराचाच येईन.” त्याच्या आईला, रंभाबाईंना, मी इतकी वर्षे ओळखतो ते त्यांच्या आवाजावरून, हे खरेच आहे.

हे सारे मी आधी लिहिले, कारण जे लिहायचे आहे ते पुढे ढकलत होतो.

तू माझे पहिले दोन आक्षेप सोडून दिलेस आणि तिसरा धरलास. विचारतोस, “बाबा, तुम्ही कुठल्यातरी एकाच फोटोवर रागावलेले दिसता. तो कोणता?” वकिलाच्या मुलाने उलटतपासणी करावी यात गैर काही नाही. उत्तर देतो.

रावेरची पत्रिका जुळली होती.

चैत्रात अलकाला गावातल्या एका स्टुडिओत नेऊन फोटो काढवला आणि रावेरला पाठवला. वैशाखात मंडळी आली. अलका पोह्यांचे तबक घेऊन बाहेर आली. मुलाच्या काकांनी खिशातून फोटो काढला, तिच्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले आणि तो बशीशेजारी पालथा ठेवला. म्हणाले, “वकीलसाहेब, आम्ही रूपावर अडून बसणारी माणसं नाही. पण तुमच्या घरून असा कागद यावा?” मला अर्थबोध झाला नाही. तबक खाली ठेवून अलका आत गेली. तिला माझ्या आधी समजले होते.

मंडळी गेल्यावर तुझ्या आईने फोटो उचलला. “देवीच्या खुणा कुठं गेल्या हिच्या?” म्हणाली. “मी पायी इच्छादेवीला जाऊन पोर मागून आणली. देवीनं हात फिरवून परत दिली. आणि या मेल्यानं देवीचा हात पुसून टाकला. मग बिघडेल नाही तर काय?”

इतके दिवस मी त्या फोटोग्राफरला कपटी समजत होतो. आता तू सांगतोस की स्टुडिओंत ही रीतच आहे. निगेटिव्हच्या काचेवर बारीक शिसपेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे वण भरून काढतात, न विचारता काढतात, आणि गिऱ्हाइकाचे भले केले असे समजतात. म्हणजे त्याच्यावरचा आरोप मला मागे घेतला पाहिजे. घेतला.

मग उरतो तो मी. कोणताही कागद वाचल्याशिवाय मी कधी पुढे सरकवला नाही. तो फोटोही मी उत्तरेच्या खिडकीशी नेऊन, चष्मा पुसून पाहिला होता. त्यात मला काही उणे दिसले नाही, काही अधिकही दिसले नाही. अलका दिसली. ती चार वर्षांची असताना देवीतून उठली. तिच्या गालांवर वण आहेत, हे मला ठाऊक आहे. विचारले तर शपथेवर सांगेन. परंतु पोर समोर आली की ते मला दिसत नाहीत, आणि नाहीसे झाले तेव्हाही दिसले नाही.

हे तिला ठाऊक नाही. तिची समजूत अशी आहे की बापाला आपल्या चेहऱ्याची लाज वाटली, म्हणून त्याने समजून-उमजून दुसरा चेहरा पाठवला. ती असे म्हणालेली नाही. पण वैशाखापासून ती माझ्या खोलीत येऊन बसत नाही. पूर्वी खटल्याचे कागद ती मला वाचून दाखवत असे.

मागच्या आठवड्यात कोश घ्यायला म्हणून तिने कपाट उघडले आणि तुझा फोटो तिला सापडला. उभ्यानेच बराच वेळ पाहिला. मग विचारले, “बाबा, रावेरला हा पाठवला असतात?”

मी म्हणालो, “प्रश्न काल्पनिक आहे.”

“बरं,” म्हणाली आणि कोश न घेताच गेली.

तुझ्या फोटोत वण आहेत. तू उजेड बाजूने घेतलास, त्यामुळे ते लपलेले नाहीत, असे तुझी आई सांगते. मला त्यात दिवाळीच्या सकाळी तुझ्याकडे पाहून काहीतरी खोचक बोलण्याच्या बेतात असलेली अलका दिसते. खरे सांगणारा फोटो असू शकतो, हे मला मान्य करावे लागेल असे दिसते. अजून केलेले नाही.

तुला खोलीचे उत्तर घाईने हवे आहे. पण त्या खोलीत मी एका प्रश्नाला उत्तर नाकारले आहे. ते दिल्याशिवाय तुझ्या प्रश्नाकडे वळणे मला क्रमाला धरून वाटत नाही. थोडा थांब.

दिगंबर

•

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
१९ डिसेंबर १९५६

चिरंजीव सुधाकर यास,

आशीर्वाद, आणि या वेळी पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध जोडण्यास हरकत नाही.

रविवारी सकाळी बैठकीत गेलो तर खिडकीत पेरू. मी तो उचलला, तेवढ्यात दारातून अलका म्हणाली, “तो खायचा नाही.”

“मग?”

“पाहायचा. दादाचा पहिला धडा आहे. तुम्हीच तर आईला त्याचं पत्र वाचून दाखवून हसत होतात.”

आतून तुझी आई म्हणाली, “पेरू काय पाहायचा असतो? बाप-लेक दोघं एकाच माळेचे मणी. आणि मोठा तिकडे नागपुरात तिसरा.”

अलकाने पेरू माझ्या हातातून घेऊन होता तसा ठेवला, देठ भिंतीकडे करून. ती खोलीत आली होती. पुन्हा अशी वेळ मिळेल असे धरून चालणे शहाणपणाचे नव्हते.

मी म्हणालो, “अलका, तू त्या दिवशी विचारलास तो प्रश्न काल्पनिक नव्हता. उत्तर देतो. दोन्ही फोटो माझ्यापुढे असते तर रावेरला कोणता गेला असता, हे मला सांगता येत नाही. कारण मला ते दोन्ही सारखेच दिसले असते.”

“खोटं,” ती म्हणाली.

“शपथेवर सांगतो.”

तिने कपाटातून दोन्ही फोटो काढले आणि खिडकीखालच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. रावेरहून परत आलेला तो दुसरा फोटो मी ठेवला आहे, हे तिला ठाऊक होते. मला वाटले होते, नसावे.

“फरक सांगा.”

“यात तू घाबरलेली आहेस. त्यात नाहीस.”

“आणखी?”

मी वाकून पाहिले. प्रामाणिकपणे पाहिले. “आणखी काही नाही,” म्हणालो.

तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा चढवला. “आता?”

सुधाकर, मी त्या दोन फोटोंवरून नजर उचलली आणि तिच्याकडे पाहिले. खिडकीचा उजेड तिच्या गालावर होता. या वेळी मी शोधले, आणि ते सापडले. एक डोळ्याखाली, काही हनुवटीशी. तिने ते ओळखले. मला वाटले, आता ही जाईल. ती गेली नाही. “शोधावे लागले तुम्हांला,” म्हणाली. मी होय म्हटले.

तिचे डोळे भरले होते, पण बोलली ती तुझी बहीण शोभेल असेच. “बाबा, तुम्ही हितसंबंधी साक्षीदार आहात. तुमची साक्ष कोणतंही कोर्ट धरणार नाही.” आणि हसली. वैशाखानंतर पहिल्यांदा ते हसणे या खोलीत ऐकले.

आतून आवाज आला, “काय झालं गं?”

“काही नाही आई. बाबा केस हरले.”

“बरं झालं,” तुझी आई म्हणाली. “जेवायला या.”

तेव्हा निकाल लिहितो. तिसरा आक्षेप मागे घेत आहे. फोटोला खोटे बोलायला शिकवणारे आहेत, म्हणून खरे बोलायला शिकवणाराही असला पाहिजे. आणि तो माझ्या घरातला असेल तर मी त्याला भोपाळला धाडू नये. खोली तुझी. कायद्याची पुस्तके अलकाने माजघरात हलवली आहेत आणि ती मला न सापडतील अशा क्रमाने लावली आहेत. टेबल खिडकीखालून काढलेले नाही. ते तुला हवे की नको ते ठाऊक नव्हते. पेरू आहे तिथेच आहे. तो आता पिकून खोलीभर दरवळतो, तरी हात लावण्याची कोणाची छाती नाही.

अट एकच. पहिली विद्यार्थिनी अलका, आणि तिला तू नुसता पेरू दाखवून थांबायचे नाहीस. कॅमेरा, काचा, अंधारखोली, सारे शिकवायचेस. मी निंबाला निरोप धाडला होता. त्याचे उत्तर आले: काढणारी बाईमाणूस असेल तर माय बसते म्हणते, पदरही मागे घेते म्हणते. रंभाबाईंचा चेहरा पाहण्याची माझी बरीच वर्षांची उत्सुकता यानिमित्ताने भागेल. तेव्हा ज्या गिऱ्हाइकांविषयी मला शंका होती त्यांतले निम्मे कदाचित अलकाच्याच दाराशी येतील. हे मी तिला सांगितले नाही. तिने मला सांगितले.

ती तुला निराळे पत्र लिहीत आहे. ते माझ्या पत्राहून लांब आहे आणि मला वाचायला दिलेले नाही.

राजीनामा नम्र भाषेत लिही. ज्या कचेरीने तुला इतकी वर्षे पोसले तिच्याविषयी त्यात एकही वावगा शब्द नको. लालबाग स्टेशनावर उतरलास की टांगा कर. काचांच्या पेट्या मांडीवर घेऊन ये, टांगेवाल्याच्या भरवशावर टाकू नकोस.

आल्यावर पहिला फोटो माझा आणि अलकाचा काढ, त्याच खिडकीत. काचेवर पेन्सिल फिरवायची नाही. तिच्या गालावर नाही, माझ्या कपाळावरही नाही. त्या फोटोची एक प्रत मला हवी. तपासून पाहीन म्हणतो, पण माझ्या तपासण्यावर विसंबू नकोस.

पहिल्या दोन आक्षेपांवर कायम असलेला,
तुझा हितसंबंधी,

बाबा