खूण नसलेलं रक्त

आप्पा, हैदराबादहून रुपाचा तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचं पोट अजून दुखतं का? तिला भाकरी जाते का? कॅन्सरसाठी केलेला रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तुम्ही गल्लीत पेढे वाटल्याचं भाग्येशदादाने कळवलं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या नागलक्ष्मी मॅडमबद्दल सांगायचंच होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची एक खूण रक्तात वाढते, तीच त्या रिपोर्टात मोजतात. पण काहींचा रक्तगटच असा असतो, की ती खूण त्यांच्या अंगात बनतच नाही. आजार असला तरी रिपोर्ट चांगलाच येतो. अशी माणसं शोधण्यात मॅडमनी अकरा वर्षं घातली. आजही चांगला रिपोर्ट दिसला की त्या आधी चष्मा पुसतात.

मला तुम्हीच आठवलात. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक अंगावरच्या केसांचे शुभ-अशुभ भोवरे बघून घोडा घेतात. तुम्ही मात्र लगाम धरून त्याला तापीपर्यंत चालवता आणि म्हणता, "खूण नही म्हनीसन खोड नही, आसं नही शे." मॅडमना अर्थ सांगितला, तर त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं!

परवा सरावासाठी आम्ही एकमेकांचं रक्त तपासलं. माझ्यात ती खूण बनत नाही. घाबरू नका, हा आजार नव्हे. पण रक्तगट आईबापाकडूनच येतो.

याच आठवड्यात आईला नंदुरबारला नेऊन पोटाचं स्कॅन करून घ्या. आप्पा, तुम्ही घोडासुद्धा नुसत्या खुणेवर घेत नाही.

तुमची लाडकी,
रुपा