आपापलं कुलूप

१२ जून

प्रिय भाऊजी,
वहिनीचा नमस्कार. तुम्ही तब्येत कळवत नाही, तेव्हा ती बरी असेल असं धरून चालते.

त्या सकाळी मी तुम्हा दोघा भावांचे डबे भरत होते. हे हातमोजे शोधत होते आणि तुम्ही दारातून ओरडत होता, "वहिनी, दादाला सोडा आता, खांब काही चालत येणार नाही!" हसण्याच्या नादात तुमचा डबा ओट्यावरच राहिला. ती सकाळ मला एवढीच आठवायला आवडते.

लिहायचंय ते तुमच्या पुतणीचं. आता सगळ्या सबस्टेशनांची सुरक्षा तिच्याकडे आहे. तिनं नियम घातलाय: लाइनवर चढण्याआधी प्रत्येकानं बंद खटक्याला आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. दुसऱ्याच्या कुलपाला साहेबानंही हात लावायचा नाही. तिची पुस्तिका मी दोनदा वाचली. अडले ते शब्द तिलाच विचारले.

परवा काम संपलं, पण एक कुलूप तसंच होतं. अर्ध्या शहराचे पंखे बंद. मोठे साहेब तापले. "तोडा ते! सगळे उतरलेत, मला फोन आलाय."

"फोन आलाय साहेब, माणूस आलेला नाही," म्हणत ही खटक्यापुढे उभी राहिली. खुर्ची जाईल, हेही ऐकून घेतलं.

लाइनमन सापडला चहाच्या गाडीवर! साहेब म्हणाले, "यासाठी शहर थांबवलंत?"

"तो चहा पीत होता, याहून चांगली बातमी कुठली?"

शेजारणीला मी हे इतक्यांदा सांगितलंय की तिला पाठ झालंय.

भाऊजी, तुम्हालाही फोनच आला होता. सगळे उतरलेत म्हणून. तुम्ही खटका चढवलात तेव्हा हे वरच होते. त्या खटक्याला यांचं कुलूप नव्हतं, कारण तेव्हा कुणाचंच नसायचं. तुमच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. तुम्हीच उंबरठा चढायचं सोडलंत.

नव्या मुलांना पहिलं कुलूप काकांच्या हातून मिळावं, असं पोरीच्या मनात आहे. काल जेवताना म्हणाली. मी म्हटलं, "काका नाही म्हणतील."

"मग तू सांग ना आई. तुझा शब्द ते मोडायचे नाहीत."

म्हणून सांगते. या.

आज सकाळी तुमचा डबा माळ्यावरून काढला, घासला आणि तिच्या डब्याशेजारी ठेवला.

अजूनही तुमचीच,
वहिनी