एकही रकाना रिकामा नको

तीर्थरूप मामांच्या चरणी, कनिष्ठ अभियंतापदाला पोचूनही अक्कल न आलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटलं असेल. पण मंगळवारपासून तुम्ही फोन बंद करून बसलात, तेव्हा दुसरा इलाज उरला नाही. तुमचे गुडघे, मामींचा रक्तदाब आणि दोघांचा राग कसा आहे ते कळवावं. पहिल्या दोन गोष्टींना मी जबाबदार नाही. तिसरीचा खुलासा करतो.

आमच्या पाणीपुरवठा केंद्राचा (म्हणजे तुमच्याच, तीस वर्षं तिथले व्हॉल्व्ह तुम्ही फिरवलेत, आम्ही नुसत्या फायली फिरवतो) दरवर्षी आपत्कालीन आराखडा तयार होतो. तयार होतो म्हणजे मुखपृष्ठावरचं साल बदलतं. तपासणीला येणारी समिती एकच पाहते, रकाना रिकामा नको. आत लिहिलेलं खरं आहे का, हे विचारणं तिच्या अधिकारात बसत नाही. यंदा हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. अग्निशमन दलाचा नंबर बदललेला, विजेचे साहेब बदलून गेलेले, जनरेटरचा मेकॅनिक देवाघरी. (पर्यायी संपर्क म्हणून त्याचा थोरला भाऊ होता. तोही तिथेच.) असे अकरा रकाने अडले. केंद्राची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस जगात एकच, म्हणून अकराही ठिकाणी मी तुमचा नंबर टाकला. तुमच्यावरचा विश्वास, एवढाच काय तो माझा गुन्हा.

मंगळवारी रंगीत तालीम झाली. साहेबांनी भोंगा वाजवला आणि जो तो आराखडा उघडून फोनला चिकटला. दुपारी दोन ते तीन या वेळात तुम्हाला आग विझवायला, वीज तोडायला, क्लोरीनची गळती थांबवायला आणि जनरेटरचा पट्टा बदलायला बोलावलं गेलं, हे मला मागाहून कळलं. तुम्ही प्रत्येकाला जे सुनावलंत त्याची इतिवृत्तात 'योग्य मार्गदर्शन मिळाले' अशी नोंद आहे. (शब्दशः लिहायला टायपिस्टबाई तयार होईनात.) अकराही फोन ताबडतोब उचलले गेले म्हणून समितीने आम्हाला शंभरपैकी शंभर गुण दिले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती अजून दुखते.

त्या गडबडीत एक गोष्ट मात्र उघडी पडली. टाकी बंद ठेवायची वेळ आली तर मोठ्या इस्पितळाला थेट पाणी सोडणारा व्हॉल्व्ह आराखड्यात फाटकाजवळ दाखवलाय. मी जाऊन पाहिलं, तर तिथे सायकल स्टँड. जुन्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "ते तुमच्या मामांनाच ठाऊक." तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी ही सगळी माहिती लिहून घ्यायचं ठरलं होतं म्हणे, पण भाषणं लांबली आणि लिहून घेणारा बस चुकेल म्हणून निघून गेला.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा (नाइलाजाने) एकुलता एक भाचा

ता. क. : वर थट्टा केली, पण मामा, मला खरंच भीती वाटते आहे. टाकीला तडा गेलाय, ती कधीही रिकामी करावी लागेल. आणि हिला बाळंतपणासाठी त्याच इस्पितळात न्यायचंय, पुढच्या महिन्यात. येत्या बुधवारपर्यंत एकदा या आणि तो व्हॉल्व्ह कुठे आहे तेवढं दाखवा. शिव्या समक्ष खाईन.

ता. क. दुसरा : बुधवारच का, तर पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या आराखड्यात दुरुस्ती करता येत नाही, असं साहेबांचं म्हणणं. त्यापेक्षा आराखड्यात आहे तिथेच नवा व्हॉल्व्ह बसवायचा, असं ठरलंय. गुरुवारी सकाळी फाटकाजवळ खोदायला यंत्र येतंय. इस्पितळाची पाइपलाइन कुठून गेलीय हे यंत्रवाल्याने विचारलं, तेव्हा साहेबांनी त्याला आराखडा दाखवला. 'येथे जमिनीखाली काय आहे' या रकान्यात 'काही नाही' असं आहे. अक्षर माझंच आहे.