नाहीची वही

वेळापत्रक विभाग, तिसरा मजला
६ जानेवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र विमानाच्या थैलीतून पाठवते आहे, म्हणजे उद्या साडेअकराच्या विमानाने उतरून दुपारच्या चहाबरोबर तुझ्या हातात पडेल. विमान कंपनीत नोकरी केल्याचा एवढा तरी फायदा. तू विचारलं होतंस की मी जेवते की नुसते तक्ते गिळते. जेवते. खोकला गेला. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही. फटीत तुझंच एक जुनं पत्र घडी करून खुपसलंय, रागावू नकोस.

आता मुख्य गोष्ट. आपल्या विमानतळावरचं शेवटचं विमान, हे राजधानीचं, मार्चअखेरीस बंद करायचं चाललंय. साहेबांनी आज मला बोलावून आकडे दाखवले. आसनं अठ्ठेचाळीस आणि बसणारे चौदा-पंधरा. पंधरा फेब्रुवारीला बैठक आहे, तिथे शिक्कामोर्तब होईल. ते एकदा गेलं की तिथे दुसरं काही उतरतच नाही, म्हणजे विमानतळालाच कुलूप.

शाळा सुटली की मी तुझ्या चौकशीच्या खिडकीखालच्या बाकावर बसायचे आणि समोरच्या फलकावरून अक्षरं जुळवायचे. तेव्हा त्यावर पाच लाकडी पाट्या होत्या : राजधानीची, बंदराची, बेटाची, खाणीची आणि विद्यापीठाची. मी वाचायला शिकले ती त्या पाच पाट्यांवर. शेवटची पाटी मी असताना उतरलेली मला चालणार नाही. पण रिकाम्या खुर्च्यांपुढे मी कशाच्या जोरावर बोलू? काहीतरी सुचव.

पत्राची वाट बघते आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी

चौकशी खिडकी, विमानतळ
८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. चहा मात्र वाचता वाचता गार झाला, त्याला तू जबाबदार.

रडायचं नंतर बघू. आधी ऐक. एकतीस वर्षांपूर्वी मी या खिडकीत बसले, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी एक शिस्त लावून दिली. आपल्याकडे नसलेलं विमान कुणी विचारलं, तर नाही म्हणायच्या आधी ते लिहून ठेवायचं. तारीख, कुठे जायचंय, कशासाठी, आणि शेवटच्या रकान्यात 'नाही'. बाई निवृत्त झाल्या, शिस्त राहिली. इथले सगळे तिला नाहीची वही म्हणतात आणि माझी चेष्टा करतात.

त्या वह्यांवरून मला एवढं कळतं. बेटाचं विमान पूल झाल्यावर गेलं, ते योग्यच झालं. खाण बंद पडली, तिचं गेलं. विद्यापीठाला वेगवान गाडी सुरू झाली, तेही गेलं. या तिघांची विचारणा वर्षभरात आपोआप थांबली. बंदराचं विमान मात्र कंपनीला दुसरीकडे हवं होतं म्हणून काढलं. त्याला सहा वर्षं झाली, आणि त्याची विचारणा काही थांबत नाही.

आपल्या चौकातले घड्याळवाले तुला आठवत असतील. त्यांच्या बायकोला दर पंधरवड्याला बंदराच्या इस्पितळात न्यावं लागतं. बसने अकरा तास. उपचार तीन तासांचा, त्यापायी तीन दिवस मोडतात, आणि आता तिला बसचे धक्के सोसत नाहीत. ते दर सोमवारी खिडकीशी येतात, टोपी काढतात आणि बंदराचं विमान सुरू झालं का म्हणून विचारतात. माझं नाही त्यांना इतकं पाठ झालंय, की हल्ली ते ऐकायच्या आधीच वळतात.

म्हणून सांगते, आणि पूर्ण विचार करून सांगते. राजधानीचं विमान वाचवत बसू नकोस. राजधानीला निदान दिवसातून दोन गाड्या आहेत. तेच विमान बंदराला वळव. सकाळी सातला जाऊ दे, संध्याकाळी परत येऊ दे. मग तू माझ्यापासून एका तासावर राहणार नाहीस. घरी यायला तुला दीड दिवस लागेल आणि पत्रं बसने तीन दिवसांनी येतील. त्याचं मला वाईट वाटेल, खूपच वाटेल. पण वाईट वाटतं म्हणून विमान उडवता येत नाही.

शेवटच्या सहा वह्या कापडी पिशवीत घालून वैमानिकांच्या हाती देते आहे. चहाचे डाग माझे आहेत. जिवापाड सांभाळ.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. तुझ्या सुखात आमचं सुख.

तुझी,
आत्या

वेळापत्रक विभाग, तिसरा मजला
२० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सहाच्या सहा वह्या वाचून काढल्या. बंदराची विचारणा दर महिन्याला पन्नासच्या वर आहे आणि जवळपास प्रत्येकाला त्याच दिवशी परत यायचंय. साहेबांना दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून पानं चाळली आणि म्हणाले की चौकशीच्या बाईंचं अक्षर सुंदर आहे, पण विचारणारा प्रत्येक जण बसतोच असं नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. वहीत मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि तेव्हापासून घास उतरत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलपासून एक नवीन विचारणा सुरू होते : राजधानी, सकाळचं. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची मुलाखत, कुणाला माल बघून संध्याकाळी दुकानात परत यायचंय. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तुझं 'नाही'.

आत्या, सातचं विमान साडेअकरावर मी नेलं. नोकरीतला माझा तो पहिला तक्ता. वरून एवढंच सांगितलं होतं की तीन ठिकाणांपैकी एकाची वेळ पुढे ढकल, कुठली ते तू ठरव. मी आपली ठरवली. तू म्हणायचीस ना, की पहाटे साडेचारला उठून कंबरडं मोडतं. मला वाटलं, आत्याला झोप मिळेल. बस, एवढाच विचार केला. माणसं सकाळीच का जातात हे त्या खिडकीखाली वाढूनही माझ्या डोक्यात आलं नाही. साडेअकराला निघून राजधानीत कुणाचंच काम होत नाही, म्हणून खुर्च्या रिकाम्या पडल्या. हे विमान मीच मारलं.

बैठकीत हे सांगितल्याशिवाय सकाळी सातचं महत्त्व पटवता येणार नाही. आणि माझ्या बढतीचा कागद त्याच बैठकीत आहे. तुला तोंड कसं दाखवू ते कळत नाही.

रागाव, पण लिही.

तुझी,
भिंगरी

चौकशी खिडकी, विमानतळ
२३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

मला माहीत होतं.

ते परिपत्रक आलं त्या दिवशीच कळलं. त्यात बावीस विमानतळांची यादी होती. कंपनीच्या याद्या नेहमी वर्णानुक्रमाने असतात आणि आपला नंबर नववा लागतो. त्या यादीत आपलं विमानतळ सगळ्यात वर होतं. हा वेडेपणा जगात दुसरं कोण करणार? मी तो कागद छातीशी धरला आणि मग खाली वेळ वाचली.

तेव्हा तुला का लिहिलं नाही? तुझी नोकरी नवी होती. तू हिरमुसशील असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर पहिला महिनाभर मला साडेसहापर्यंत झोपायला फार बरं वाटलं. बघ, कबूल केलं. मग माणसं येऊन विचारू लागली, तेव्हाही मी लिहीत गेले आणि मूग गिळून बसले. एकतीस वर्षं वही भरली, पण ती उचलून कुणाच्या टेबलावर ठेवावी हे सुचलं नाही. कुणी मागितली नाही म्हणून दिली नाही. तू न विचारता चुकलीस, मी जाणून गप्प बसले. तेव्हा तोंड कसं दाखवू वगैरे नाटक पुरे.

बैठकीत उभी राहा आणि सरळ सांग. आवाज बारीक करू नकोस. बढतीचं जे होईल ते होईल.

साहेबांचं म्हणणं मला पटलं. विचारणं वेगळं आणि बसणं वेगळं. म्हणून नवी वही केली आहे. काम सुटलं की घरोघर, दुकानोदुकानी जाते. ज्याला बंदराला जायचंय त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं की कुठल्या महिन्यात किती वेळा बसेन, आणि खाली सही. इस्पितळातल्या परिचारिका, जाळी विणणारे, दोन शाळांचे मुख्याध्यापक, सगळ्यांनी लिहिलं. घड्याळवाल्यांनी वर्षाच्या सव्वीस तारखा लिहिल्या आणि म्हणाले की याने काही व्हायचं नाही, पण सही करायला काय जातं. पायाला फोड आले आहेत. पट्टी लावून पुन्हा निघते.

वही बारा तारखेपर्यंत येईल. धीर सोडलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
आत्या

वेळापत्रक विभाग, तिसरा मजला
१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. उभी राहून, आवाज बारीक न करता.

आधी सातच्या विमानाची जुनी प्रवासीसंख्या वाचली, मग साडेअकराची. मग म्हटलं की हा बदल माझा आहे आणि तो चुकला. साहेबांनी विचारलं की तीनपैकी हेच ठिकाण का निवडलं. काय सांगणार? आत्याच्या झोपेसाठी, असं सांगितलं. एक जण हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तुझी सह्यांची वही मागून घेतली आणि पाऊण तास एकेक पान वाचलं. शेवटी म्हणाले की रिकाम्या खुर्च्यांचं कारण इतक्या स्पष्टपणे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल असा. राजधानीचं विमान मार्चअखेर बंद. त्याच्या जागी बंदराचं, सकाळी सात आणि परत संध्याकाळी सहा. फक्त चार महिन्यांची मुदत. निम्मी आसनं भरली नाहीत तर कुलूप. सरकारी परवानगी यायची आहे, ती येईपर्यंत कुणाला आशा लावायची नाही असा सक्त हुकूम आहे, तेव्हा तोंड शिवून ठेव.

माझी बढती वर्षभर पुढे गेली. काल वाईट वाटलं, आज भूक लागते आहे.

नवं परिपत्रक मीच केलं. या वेळी आपण नवव्या जागी आहोत, जिथे असायला हवं तिथे. पण हात थोडा अडखळला.

थैलीतून अजून पाचसहा पत्रं होतील. मग बस. तोवर भरभरून लिही.

तुझी,
भिंगरी

चौकशी खिडकी, विमानतळ
१६ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र बसने येतंय, तेव्हा शिळं होऊन पोचेल. तरी सगळं सांगते.

राजधानीचं शेवटचं विमान गेलं तेव्हा मी ती पाटी स्वतः उतरवली. आठवडाभर फलक मोकळा होता. लोक त्याच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, आणि मला गप्प राहावं लागायचं. परवानगी शनिवारी संध्याकाळी आली. सोमवारी लवकर येऊन कपाटातली बंदराची पाटी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि शिडीवर चढून बसवली. खाली उतरते तोच दारात घड्याळवाले.

ते फलकाकडे बघतच नाहीत, सहा वर्षांची सवय. खिडकीशी आले, टोपी काढली, बंदराचं विमान सुरू झालं का म्हणून विचारलं. आणि मेला माझा आवाजच फुटेना. एकतीस वर्षांत त्या खिडकीतून 'नाही' म्हणायची जिभेला इतकी सवय झालेली, की दुसरा शब्द घशात अडकला. ते वळले आणि चालायला लागले.

मग मी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. माणसाला बोलता आलं नाही तरी घोषणा करता येते. दालनात एकटे घड्याळवाले, आणि मी सगळ्या विमानतळाला सांगितलं की बंदराकडे जाणारं विमान बुधवारपासून दररोज सकाळी सात वाजता सुटेल आणि त्याच संध्याकाळी परत येईल. ते दाराशी थांबले. मग परत आले आणि हळूच विचारलं की संध्याकाळी परत म्हणजे त्याच दिवशी ना. मी मान डोलावली. दोघांच्याही डोळ्यांना पाणी.

पहिल्या बुधवारी एकतीस माणसं गेली. घड्याळवाल्यांची बायको खिडकीच्या आसनावर बसली होती. संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी शिडी उतरली. चार महिने आहेत आपल्याकडे. ज्यांनी सह्या केल्या त्यांना मी एकेकाला धरून विमानात बसवणार आहे, तू काळजी करू नकोस.

सोमवारची ओळ मी वहीत लिहिली. तारीख, बंदर, बायकोच्या उपचारासाठी. शेवटच्या रकान्यात हाताने सवयीने 'ना' काढला. तो खोडला आणि 'आहे' लिहिलं.

सवड काढून ये. दीड दिवस लागला तरी ये.

तुझी,
आत्या

ता. क. रोज पहाटे साडेचारला उठते. कंबरडं मोडतं. खबरदार वेळ बदललीस तर.